बोअरात सोडलेलं सांडपाणी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

औद्योगिक वसाहतींजवळच्या गावांतल्या पिण्याच्या पाण्याबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रं वाळूज, चिकलठाणा आणि जालना या पट्ट्यांतून आली, काही लातूर-धाराशिवच्या साखर कारखान्यांच्या परिसरातून. भूजलतज्ज्ञ, पाणी तपासणी प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ आणि पर्यावरण कायद्याचे जाणकार यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. आरोप सिद्ध झालेले नसल्यामुळे पत्रांतली कारखान्यांची नावं आम्ही गाळली आहेत.

प्रश्न: शेताला लागून एक कारखाना आहे. त्याच्या आवारात जुना बोअर आहे आणि रात्री त्यात पाणी सोडतात, असं तिथले कामगारच बोलतात. आमच्या बोअरचं पाणी दोन वर्षांपासून खारट झालंय, फेस येतो, पांढरे कपडे पिवळे पडतात. हे सिद्ध कसं करायचं? (गंगापूर तालुका)

पाणी खारट झालं म्हणजे ते कारखान्यानंच केलं, असं लगेच धरू नका. मराठवाड्यात खोल बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार जास्त असतात. गावचं सांडपाणी, उकिरडे आणि युरिया यांमुळे नायट्रेट वाढतं. तक्रार गेली की समोरून पहिला मुद्दा हाच येतो, म्हणून तपासणी अशी करा की त्याचं उत्तर अहवालातच मिळेल.

एका बोअरचा एक नमुना कामाचा नाही. एकाच दिवशी पाच ठिकाणचे नमुने घ्या: तुमचा बोअर, जवळची उघडी विहीर, कारखान्याच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि एक बोअर, आणि खालच्या अंगाचा आणखी एक बोअर. प्रत्येकाची खोली, केसिंग (बोअरात वरून घातलेला पाइप) किती फूट, पाणी किती फुटांवर लागलं आणि आज पातळी किती, हे लिहून ठेवा. बोअर मारणाऱ्या गुत्तेदाराकडे जुनी नोंद मिळाली तर उत्तम. उघडी विहीर ठीक आणि बोअर वरच्या अंगाच्या बोअरपेक्षा खराब असेल तर घाण खोलवर शिरली आहे. विहीर जास्त खराब असेल तर ती वरून झिरपली आहे, म्हणजे नाल्यातून, खड्ड्यातून किंवा भरून वाहणाऱ्या टाकीतून. रात्री बोअरात सोडतात या आरोपाला बळ देणारा किंवा तो खोडून काढणारा सगळ्यात बोलका पुरावा हाच असतो, आणि नेमका हाच तक्रारींत क्वचित दिसतो.

असं का होतं ते समजून घ्या. आपल्याकडे वर माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण आणि मांजऱ्या खडक यांचे थरांवर थर, अधूनमधून तांबडा थर. पाणी दगडातून झिरपत नाही, ते फटींतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून चालतं. केसिंग बहुतेक ठिकाणी २० ते ४० फूट टाकलेलं असतं, त्याखाली भोक उघडंच. त्यामुळे बोअर सगळे थर एकमेकांना जोडतो. ज्या फटीतून बोअरला पाणी लागलं, त्याच फटीतून वरून सोडलेलं पाणी उलटं आत शिरतं आणि फट नेईल तिकडे जातं. शंभर फुटांवरचा बोअर चांगला आणि अर्ध्या किलोमीटरवरचा नासलेला, असं म्हणूनच घडतं. "जवळचा बोअर बघा, ठणठणीत आहे" हा युक्तिवाद त्यामुळे फारसा टिकत नाही.

नमुना घेताना सगळ्यात जास्त चुका होतात. बोअरात साचून राहिलेलं पाणी आधी काढून टाकावं लागतं. साडेसहा इंची बोअरात फुटामागे साधारण साडेसहा लिटर पाणी असतं. पाण्याचा स्तंभ ३०० फूट असेल तर सुमारे १,९५० लिटर. याच्या तिप्पट, म्हणजे जवळपास ६,००० लिटर उपसून मग नमुना घ्या. मोटार ताशी ३,००० लिटर देत असेल तर दोन तास लागतील. इतकं पाणी नसेल तर बोअर उपसून रिकामा करा आणि भरून आलेलं पाणी घ्या. हातात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं साधन) असेल तर दर दहा मिनिटांनी आकडा बघा. तीन आकडे जवळपास सारखे आले की ते थरातलं ताजं पाणी समजा. नमुना नेहमी मोटारीच्या तोंडाशी घ्या. वरच्या टाकीतून घेतला की द्रावकं (कारखान्यांतली हवेत उडून जाणारी रसायनं) उडून जातात, लोह तळाशी बसतं आणि अहवाल गुळगुळीत येतो.

बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागा. मिनरल वॉटरची किंवा कोल्ड्रिंकची बाटली विसळून आणली की नमुना गेला. जड धातूंच्या प्लॅस्टिक बाटलीत थोडं नायट्रिक आम्ल आधीच घातलेलं असतं. ती विसळू नका आणि ओसंडून भरू नका. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाची) बाटली मात्र वेगळी आणि बिनआम्लाची हवी, कारण आम्लात त्याचं रूप बदलतं. ती २४ तासांत पोचवायची. सायनाइडच्या बाटलीत कॉस्टिक सोडा असतो. फिनॉलसाठी काचेची बाटली लागते. द्रावकांसाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या काठोकाठ भरायच्या. उलटी केल्यावर बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, आणि ती सहा तासांच्या आत पोचली तर बरं. सगळं बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठू देऊ नका.

आणि काय तपासायचं ते तुम्हीच सांगा. "पिण्याच्या पाण्याची तपासणी करा" म्हटलं की सामू (पीएच), टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड एवढ्याचा कागद मिळतो. जलसुरक्षकाकडच्या फील्ड किटचंही तेच. त्यात क्रोमियम किंवा निकेल सापडणारच नाही. शेजारी प्लेटिंग (धातूवर मुलामा देणं) किंवा स्टीलचं काम असेल तर क्रोमियम, निकेल, जस्त, शिसं, कॅडमियम आणि सायनाइड मागा. औषध किंवा रसायनांचा कारखाना असेल तर फिनॉल, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आणि उडून जाणारी सेंद्रिय द्रावकं. डिस्टिलरी असेल तर रंग, सीओडी, पोटॅशियम, सल्फेट आणि क्लोराइड. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या मानकातल्या मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये अशा आहेत: क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२, शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३, सायनाइड ०.०५, फिनॉल ०.००१ आणि नायट्रेट ४५.

अहवाल वाचताना जोड्या बघा. नायट्रेट आणि ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) दोन्ही वर असतील तर आधी संडास, गटार आणि गोठा तपासा. नायट्रेट वरच्या अंगाच्या विहिरीइतकंच, पण क्लोराइड, सल्फेट आणि सीओडी कैक पटींनी जास्त असेल तर बोट दुसरीकडे जातं. आपल्या काळ्या खडकात क्रोमियम आणि निकेल थोडं नैसर्गिकही असतं, म्हणूनच वरच्या अंगाचा नमुना घ्यायचा. पाण्याला पिवळी झाक असेल तर हेक्साव्हॅलंट क्रोमियम तपासल्याशिवाय ते कुणाच्याही पोटात जाऊ देऊ नका. रंग डोळ्यांना दिसेपर्यंत ते मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं.

हा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला जागं करण्यासाठी आहे, खटला चालवण्यासाठी नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानंच घ्यावा लागतो: आधी नोटीस, मग नमुन्याचे दोन भाग, दोन्ही सीलबंद आणि सही केलेले. ही रीत चुकली तर अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. तक्रारीत "पाहणी करावी" असं मोघम लिहू नका. "आवारातल्या सर्व बोअरची मोजणी करावी, प्रत्येक बोअरचं तोंड उघडून पाहावं, बोअर कॅमेरा सोडावा, कलम २१ प्रमाणे नमुना घ्यावा" असं लिहा. पाणी काढायच्या बोअरवर मोटारीची केबल असते. केबल नाही, वीज जोडणी नाही आणि पाइप मात्र आत उतरलाय, असा बोअर आढळला तर त्याचा खुलासा कारखान्यानं करायचा. तक्रार मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे द्या. प्रती तहसीलदार आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे. पोच घ्या. कुंपण ओलांडून स्वतः फोटो काढायला जाऊ नका. त्यात पुरावाही बिघडतो आणि गुन्हाही तुमच्यावरच दाखल होतो.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत आहे. तो सांगतो की तिथे घातक सांडपाणी जमिनीखाली सोडायला सरकारच परवाना देतं. मग इथे ते बेकायदा कसं? (लातूर)

मुलगा बरोबर सांगतो, पण तिथली विहीर आणि इथला बोअर यांची तुलना होत नाही.

तिथे १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्याखाली भूमिगत विहिरींवर नियंत्रण आलं, १९८० मध्ये सविस्तर नियम झाले आणि विहिरींचे वर्ग ठरले. घातक कचरा सोडणारी विहीर पहिल्या वर्गात येते. ती पिण्यालायक पाण्याच्या सगळ्यात खालच्या थराच्याही खाली जावी लागते, साधारण १,७०० फुटांपासून १०,००० फुटांच्याही पुढे. पिण्यालायक म्हणजे गोडंच पाणी नव्हे. टीडीएस १०,००० च्या आतलं पाणीही भविष्यातला साठा म्हणून राखून ठेवलेलं आहे. विहिरीत केसिंगच्या आत केसिंग, मध्ये सिमेंट, त्याच्या आत सांडपाण्याची वेगळी नळी आणि तळाशी ती जागा बंद करणारा पॅकर असतो. नळी आणि केसिंग यांच्यामधल्या पोकळीतला दाब सतत नोंदवतात. दाब बदलला की कुठेतरी गळती आहे असं समजून विहीर बंद करतात. दोन मैलांच्या परिघातले जुने बोअर आधी शोधून बुजवावे लागतात. १९८४ च्या दुरुस्तीनंतर तर सोडलेला घातक कचरा १०,००० वर्षं त्या थराबाहेर येणार नाही, हे कंपनीला आकडेमोडीनं दाखवावं लागतं. उथळ विहिरीत, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या थरात किंवा त्याच्या वर घातक कचरा सोडायला तिथेही बंदीच आहे. आपल्याकडे ज्याचा संशय घेतला जातो तो प्रकार हाच.

अशा विहिरी तिथे मुख्यतः टेक्सास आणि लुइझियाना भागात आहेत, जिथे खाली हजारो फूट वाळूचे आणि चिकणमातीचे आडवे थर आहेत. आपलं काय? किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या खोल बोअरमध्ये ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला, मग जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट जातीचा जुना खडक. घाण धरून ठेवेल असा जाड सच्छिद्र थर नाही आणि वर झाकण घालणारी चिकणमातीही नाही. त्यातून डेनव्हरजवळचं उदाहरण आहे. तिथल्या लष्करी रासायनिक कारखान्यानं १९६२ पासून १२,०४५ फूट खोल विहिरीत, अशाच जुन्या कठीण खडकात, सांडपाणी दाबानं सोडलं आणि त्या भागात भूकंपांची मालिका सुरू झाली. १९६६ मध्ये सोडणं थांबवलं, तरी मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. किल्लारी पाहिलेल्या प्रदेशात असा प्रयोग सुचवणाऱ्यानं आधी हे वाचावं.

आपल्या जल प्रदूषण कायद्यात प्रवाहाच्या व्याख्येतच भूगर्भातलं पाणी धरलेलं आहे, आणि कलम २४ प्रमाणे विषारी किंवा प्रदूषक पदार्थ प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडायला मनाई आहे. कलम ३३अ खाली मंडळ कारखाना बंद करायचा किंवा वीज-पाणी तोडायचा आदेश देऊ शकतं. कायदा दुबळा नाही. देखरेख मात्र बहुतांशी कागदावर आणि कारखान्यानं दाखवलेल्या सांडपाण्याच्या नळाशी होते. आवारातला प्रत्येक बोअर मोजून त्यात काय चाललंय हे बघायची सवय यंत्रणेला नाही. त्यासाठी तक्रारच लागते.

प्रश्न: कारखान्याचा घातक कचरा नेमका कुठे जातो, हे ग्रामपंचायतीला कळू शकतं का? (सरपंच, जालना तालुका)

कळू शकतं, आणि त्यासाठी आवारात पाऊल ठेवायची गरज नाही.

आधी फाटकावर बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशानुसार घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यानं मुख्य दारासमोर रसायनांचं, सांडपाण्याचं आणि घातक कचऱ्याचं प्रमाण दाखवणारा फलक लावायचा असतो. फलक नसेल, किंवा असून आकड्यांच्या जागा कोऱ्या असतील, तर तारखेसह फोटो काढून ठेवा.

मग मंडळाच्या संकेतस्थळावर त्या कारखान्याचं संमतीपत्र (मंडळानं दिलेली कारखाना चालवायची परवानगी) शोधा. रोज किती घनमीटर पाणी वापरायचं, किती सांडपाणी निघेल, ते कुठे द्यायचं आणि कोणता घातक कचरा वर्षाला किती टन निघेल, हे त्यात असतं. सांडपाण्यावर रासायनिक प्रक्रिया केल्यावर उरणारा गाळ घातक कचऱ्याच्या यादीतल्या ३५.३ या क्रमांकाखाली बहुधा दिसेल.

त्यापुढे माहिती अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. तीन वर्षांची फॉर्म ४ मधली वार्षिक विवरणं मागा; ती २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यायची असतात. दुसऱ्या अर्जात फॉर्म १० ची मॅनिफेस्ट मागा. हे कचऱ्याच्या वाहतुकीचं सात प्रतींचं चलन आहे. पांढरी प्रत कारखाना मंडळाला पाठवतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो. गुलाबी कचरा घेणाऱ्या केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराकडे. केंद्र हिरवी प्रत मंडळाला आणि निळी परत कारखान्याला पाठवतं. करडी फक्त परराज्यातून आलेल्या कचऱ्यासाठी. पांढरी आहे पण तिच्या जोडीची हिरवी नाही, याचा अर्थ माल निघाला पण पोचल्याची नोंद नाही. पहिली चौकशी तिथेच करायची.

राज्यात घातक कचऱ्याची सामायिक केंद्रं तळोजा, महापे, पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव आणि नागपूरजवळचं बुटीबोरी इथे आहेत. (वाळूजजवळचं रांजणगाव शेणपुंजी वेगळं. नावाच्या सारखेपणामुळे तोंडी चौकशीत घोळ होतो, म्हणून तालुका आणि जिल्हा लिहूनच विचारा.) जालन्याहून तिथवर कचरा न्यायचा म्हणजे भाडं आणि केंद्राचं शुल्क. खर्च चुकवायचा मोह इथेच होतो. आवारात कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, फार थोडा कचरा निघणाऱ्यांना मुभा थोडी जास्त. वर्षभर प्लेटिंग चालू आहे आणि वर्षभरात गाळाचं एकही मॅनिफेस्ट नाही, तर गाळ गेला कुठे हा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावातच घाला.

सांडपाण्यासाठी हिशेब आणखी सोपा. कारखान्यानं एमआयडीसीकडून घेतलेलं पाणी, टँकरचं पाणी आणि बोअरचं पाणी यांची बेरीज करा. त्यातून मालात गेलेलं, बाष्पीभवन झालेलं आणि सामायिक प्रक्रिया केंद्राला दिलेलं वजा करा. समजा रोज ६० घनमीटर पाणी घेतलं, संमतीपत्राप्रमाणे ३५ घनमीटर सांडपाणी निघायला हवं आणि केंद्राच्या मीटरवर १२ च दिसतंय, तर २३ घनमीटरचा खुलासा हवा. हा पुरावा नव्हे. पाण्याचा पुनर्वापर झाला असेल, उत्पादन घटलं असेल. पण अधिकाऱ्यासमोर आकडा ठेवला की गोलमाल उत्तर देणं अवघड जातं.

प्रश्न: रात्री माळावर टँकर रिकामा करताना दिसला तर काय करायचं? (पैठण तालुका)

जवळ जाऊ नका, वास घेऊ नका. ६ जानेवारी २०२२ ला सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनामुळे तयार झालेल्या वायूनं सहा कामगार दगावले. आम्ल आणि सल्फाइड किंवा सायनाइड एकत्र आलं की असं होतं, आणि कोणत्या टँकरात काय आहे हे बाहेरून कळत नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. टँकरचा क्रमांक, वेळ आणि मोबाइलमधलं ठिकाण नोंदवा, ११२ ला फोन करा आणि उपप्रादेशिक अधिकाऱ्याला लेखी कळवा. वैध टँकरवर मॅनिफेस्ट, आपत्कालीन माहितीचं कार्ड आणि कचऱ्याचं लेबल असतं; ते मागायचं काम पोलिसांचं. सांडलेल्यावर पाणी मारू नका, माती पसरू नका. नमुना तिथूनच घ्यायचा असतो.

प्रश्न: गावात जारचा आरओ प्लँट आहे. त्याचं टाकाऊ पाणी जवळच्या आटलेल्या बोअरात सोडतात. ते तर पाणीच आहे, बिघडतं काय? (औसा तालुका)

बिघडतं. गावं कारखान्यांकडे बोट दाखवतात आणि हे मात्र नजरेआड करतात. आरओ पाणी शुद्ध करत नाही, ते दोन भागांत वाटतो. १,२०० टीडीएसचं पाणी निम्मं-निम्मं वाटलं तर टाकाऊ भागाचा टीडीएस २,२०० च्या पुढे जातो, आणि फ्लोराइड आणि नायट्रेटही जवळपास दुप्पट होतात. ताशी १,००० लिटर देणारा प्लँट तितकंच टाकाऊ पाणी सोडतो. ते बोअरात गेलं की त्याच थरातून हापशाला परत येतं, प्लँटला आणखी खारट पाणी मिळतं आणि मेम्ब्रेन (आरओमधले गाळणारे पडदे) लवकर जातात. पडदे धुवायचं आम्ल आणि कॉस्टिकही बहुधा त्याच पाइपातून जातं, ते वेगळंच. टाकाऊ पाणी टाकीत साठवून संडास, फरशी आणि गाड्या धुण्याला वापरा. धुण्याचं रसायन वेगळ्या ड्रममध्ये घेऊन सामू ७ च्या आसपास आणल्याशिवाय सोडू नका. झाडांना रोज हेच पाणी दिलं तर काळी माती चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते.

प्रश्न: बंद पडलेला बोअर बुजवायचा आहे. वरून मुरूम टाकला तर चालेल का? (बीड)

मूल पडू नये यासाठी चालेल, पाणी नासू नये यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सूचना मुलांच्या अपघातांवर आहेत: सोडलेला बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरा. पण सैल मुरुमातून वरचं गटाराचं पाणी खालच्या थरात आरामात उतरतं.

मोटार, पाइप, केबल, दोरी सगळं काढा. वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजा; मध्येच अडकली तर दगड कोसळलेला आहे आणि वरून टाकलेलं तळाशी जाणार नाही. खालचा भाग धुतलेल्या खडीनं आणि वाळूनं भरा. जिथे पाण्याचे दोन वेगळे थर लागले होते त्यांच्या मधल्या भागात, आणि वरच्या २० फुटांत, सिमेंटचं पातळ मिश्रण भरा. ५० किलोच्या पिशवीला २५ लिटर पाणी घातलं की साधारण ४१ लिटर मिश्रण होतं. साडेसहा इंची बोअरात त्यानं सहा-सव्वासहा फूट भरतं. २० फुटांना हिशेबानं सव्वातीन पिशव्या, फटींत जाणारं धरून चार ते पाच. मिश्रण वरून ओतू नका. पाण्यातून पडताना सिमेंट आणि पाणी वेगळं होतं आणि वर नुसता फेस राहतो. एक इंची नळी खालपर्यंत सोडा, तिच्यातून भरा आणि भरत येईल तशी नळी वर ओढा. दुसऱ्या दिवशी पातळी खाली बसलेली दिसेल, तेव्हा पुन्हा भरा. केसिंग गंजलं असेल आणि निघत असेल तर काढा. निघत नसेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूनं पाणी उतरतंय का ते बघून तिथेही सिमेंट घाला. शेवटचे दोन फूट माती, आणि खुणेसाठी एक दगड.

प्रश्न: असं पाणी उकळून किंवा घरच्या आरओतून घेतलं तर चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उकळल्यानं जंतू मरतात. धातू, नायट्रेट आणि क्षार उलट थोडे घट्ट होतात, आणि द्रावकांची वाफ स्वयंपाकघरात पसरते. घरचा आरओ धातू बऱ्यापैकी अडवतो, पण लहान रेणूंची द्रावकं त्यातून निसटतात. कोणतं रसायन आहे हे कळेपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी घ्या.

प्रश्न: नासलेलं भूजल पुन्हा चांगलं होतं का? आणि खर्च कुणी करायचा? (जालना)

सोडणं थांबलं की क्षार काही पावसाळ्यांत उतरायला लागतात. धातू आणि रंगद्रव्यं फटींतल्या मातीला धरून राहतात आणि वर्षानुवर्षं सुटत राहतात. उपसून, प्रक्रिया करून पाणी स्वच्छ करता येतं, पण काळ्या पाषाणात फट नेमकी कुठे जाते हे शोधण्यातच निम्मा खर्च होतो.

खर्च प्रदूषण करणाऱ्यानं द्यायचा. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड (रंग तयार करायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांच्या सुमारे २,४४० टन गाळानं आणि सांडपाण्यानं विहिरी काळ्या-तपकिरी झाल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व लावून सफाईची जबाबदारी कारखान्यांवर टाकली. टाळाटाळ इतकी चालली की २०११ मध्ये न्यायालयाला ३७.३८५ कोटी रुपये आणि १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याज द्यायचा आदेश पुन्हा द्यावा लागला. म्हणजे निकाल लागूनही गाव पंधरा वर्षं थांबलं.

आपल्याला राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्याचं खंडपीठ आहे. प्रदूषण थांबवण्याच्या अर्जाला कारण घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाई आणि पुनर्स्थापनेच्या अर्जाला पाच वर्षं. दोन्हीत सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. भरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये. भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. सहा महिन्यांची मुदत कधीपासून मोजायची यावर समोरचा वकील हमखास भांडतो. म्हणून पाण्याचा पहिला अहवाल हातात आला त्या तारखेची पोच, आणि मंडळाला दिलेल्या तक्रारीची पोच, दोन्ही एकाच फाइलमध्ये लावा. लवाद बहुतेक वेळा मंडळ, जिल्हाधिकारी यांच्यासारख्यांची संयुक्त समिती पाहणीला पाठवतो. ती येईल त्या दिवशी पाचही ठिकाणचे बोअर उघडे, मोटारी चालू आणि लाइट असेल याची तजवीज आदल्या दिवशीच करा. भारनियमनामुळे नमुनाच घेता आला नाही, असा शेरा समितीच्या अहवालात पडला तर पुढची तारीख मिळायला महिने जातात.